हजर माणसाची कैफियत

मालवणच्या बाजारातून मासळी घेऊन घरी परतणे हे काम, येथली वहिवाट ज्यास ठाऊक नाही अशा परस्थ माणसास, दहा मिनिटांचे वाटेल. परंतु भरडापासून आमच्या वाडीपर्यंतच्या त्या एवढ्याशा वाटेवर पूर्वी ज्या अघोषित चौक्या बसलेल्या असत, आणि त्या चौक्यांवर कोणी ओट्यावर पाय सोडून, कोणी गडग्यावर कोपर टेकून, तर कोणी नळाखालची घागर भरून वाहू लागली तरी तिच्याकडे काणाडोळा करून येणाऱ्याजाणाऱ्याची जी सविस्तर जबानी घेत असत, तिच्यातून सुटून बांगडे ताजे असताना चुलीपर्यंत पोचविणे हे कोणा येरागबाळ्याचे काम नव्हते. पिशवीतून बांगड्याचे शेपूट धडधडीत दिसत असताना पहिला प्रश्न येई, "खंय गेल्लंस?"

"बाजारात."

"काय गावला?"

"बांगडे."

"कशे दिल्यान?"

भाव कोणताही सांगा, "फसवल्यान तुका!" हा निकाल आधीच लिहून ठेवलेला असे, आणि त्या निकालाच्या पुष्ट्यर्थ त्या मासे विकणारणीचे माहेर, तिच्या दिराने होडीवर काढलेले कर्ज, त्या कर्जास जामीन राहिलेल्या गृहस्थाच्या मुलीचे मोडलेले लग्न आणि ते ज्याने मोडले त्याचे मुंबईतील हल्लीचे उद्योग, इतकी प्रकरणे ओळीने सुनावणीस निघत. या कामकाजास आमच्याकडे गजाल म्हणतात. 'गजालीन घो खाल्लो' ही म्हण आमच्या आयाबायांनी आपल्याच वर्तनावर रचून ठेवलेली आहे, आणि ती रचून झाल्यावर, कर्तव्य संपल्याच्या निश्चिंत मनाने, त्या पुन्हा गजाली करावयास बसलेल्या आहेत.

हल्ली चौक्या जागच्या जागी आहेत, चौकीदारही आहेत. जबानी मात्र बंद झाली आहे. परवा मी सुरमई घेतली. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाने सबंध सुरमई विकत घेणे ही जाहीर करण्याजोगी घटना असल्यामुळे ती पिशवीत न घालता, शेपटीशी सुतळी बांधून, सर्वांस दिसेल अशी लोंबती धरून मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने निघालो. एकानेही भाव विचारला नाही. मला कोणी फसविले असेल की काय, याची त्या अफाट लोकवस्तीत एकालाही काळजी नव्हती. शेवटच्या ओट्यावर शेजाऱ्यांचे कॉलेजात जाणारे चिरंजीव हातातल्या काचेत दृष्टी बुडवून बसले होते. मी थांबलो, खाकरलो.

"काय रे, अभ्यास चललो?"

"हां."

"बापूस खंय गेलो?"

"हां."

मी सुरमई हळूच त्याच्या नाकासमोर आणली. त्याने मान किंचित डावीकडे घेतली आणि वाचन पुढे चालू ठेवले.

"अरे, तुमच्या माडाक आग लागली!"

"हां काका, बगतंय."

माझी उभी हयात एका सरकारी कचेरीत अव्वल कारकून म्हणून गेली असल्याने, कोणतीही गोष्ट रीतसर चौकशीवाचून मान्य करू नये आणि चौकशी पुरी झाल्यावरही शक्य तोवर करू नये, हा संस्कार माझ्या ठायी दृढ आहे. सबब, तरुण पिढीने समोरच्या माणसाशी बोलणे सोडले आहे, ही जी ओरड वर्तमानपत्रांतून आणि त्याहून अधिक जोराने त्याच मोबाईलवरून चाललेली असते, तिची रुजुवात करण्यासाठी मी स्वखर्चाने मालवणच्या जेटीवर गेलो. समोर सिंधुदुर्ग किल्ला, त्याच्या तटावर मावळतीचे ऊन, भरती अर्ध्यावर आलेली, आणि जेटीच्या कठड्यावर पाच विद्यार्थी एकमेकांस खेटून, पाचही माना खाली घालून बसलेले. बराच वेळ शांतता होती, आणि मग एकाएकी, "मार! मार! मागसून येता, मागसून!" असा कल्लोळ उठला. मी दचकून मागे पाहिले. मागे एक कुल्फीवाला उभा होता, आणि तो माझ्याहून अधिक घाबरलेला होता.

"मेलंय मी," एक जण खिन्न स्वराने म्हणाला.

"कोणी मारल्यान तुका?"

"तूच मारलंस, मेल्या!"

मारणारा आणि मरणारा यांच्या मांड्या एकमेकींस लागलेल्या होत्या. ज्या दुर्गाच्या पायाभरणीची पूजा शिवछत्रपतींनी सन १६६४ मध्ये मोरयाच्या धोंड्यावर केली, तो दुर्ग डोळ्यांसमोर असता या पाच वीरांनी पुण्यातील कुठल्याशा वसतिगृहात बसलेल्या एका सहाव्याच्या हुकुमावरून परस्परांचा निःपात केला, आणि सूर्य बुडण्यापूर्वी, एकमेकांचा निरोपही न घेता, ते पाच दिशांना पांगले. निरोप बहुधा घरी पोचल्यावर पाठविला गेला असावा.

येथवरची कागदपत्रे पाहून कोणीही कारकून मोबाईलवर ठपका ठेवून मोकळा झाला असता. परंतु मला जुनी गजाल ठाऊक असल्यामुळे माझी लेखणी अडली. तिचा एक नियम असा होता की हजर असलेल्यांनी गैरहजर असलेल्याविषयी बोलावे. हजर माणसाविषयी कोणी कधी काही बोलल्याचे मला आठवत नाही. त्याचे काम माना डोलावणे एवढेच असे. तो एकदा का उठून, वहाणा घालून, आंगणाचा बेडा ओलांडून पलीकडे गेला, की मगच तो चर्चेस पात्र होई. आमच्याकडच्या बैठका मध्यरात्र उलटेपर्यंत चालत, त्याचे कारण पाहुण्यांनी स्नेह असे दिले आहे. खरे कारण हे की, प्रथम उठणाऱ्याचे मागाहून काय होते हे तेथे बसलेल्या प्रत्येकास पुरते ठाऊक होते. आता हजर असलेली माणसे गैरहजर असलेल्यांशीच बोलतात. म्हणजे राज्य तेव्हाही गैरहजरांचेच होते आणि आजही गैरहजरांचेच आहे. हजर माणसास तेव्हाही कोणी विचारीत नसे. त्याची कैफियत मांडणारा वकील मात्र अजून जन्मास यावयाचा आहे, आणि तो आलाच तर फोनवर व्यग्र असेल.

चौकशीचा पुढील भाग आपण होऊन मजवर चालून आला. एका महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे निवासी शिबिर डिसेंबरात सड्यावरच्या एका गावी भरले होते. ही योजना महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, म्हणजे १९६९ साली, निघाली. विद्यार्थ्याने पुस्तक खाली ठेवून कुदळ हाती घ्यावी असा तिचा आशय होता, आणि त्यांपैकी पूर्वार्ध आता शिबिरापूर्वीच साधलेला असतो. दिवसा व्हाळावर वनराई बंधारा घालावयाचा, म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून त्या पाण्यात आडव्या रचावयाच्या; सायंकाळी बौद्धिक ऐकावयाचे. ठरलेल्या वक्त्यांनी ऐन वेळी, 'काही अपरिहार्य कारणास्तव', एवढाच संदेश धाडून गैरहजर राहण्याचा मोठेपणा मिळविला, आणि मी नेहमीप्रमाणे हजर असल्याने माझी रवानगी झाली. विषय त्यांचाच ठेवण्यात आला होता : 'संवाद, एक लोपत चाललेली कला'.

शिबिराचे कार्यक्रम अधिकारी कडक गृहस्थ होते. त्यांनी पहिल्याच दिवशी सर्वांचे मोबाईल जप्त करून पत्र्याच्या ट्रंकेत कुलूपबंद केले होते, आणि या जप्तीची जी नोंदवही ठेविली होती तीत नाव, इयत्ता, यंत्राचा रंग, काचेस तडा असल्यास त्याची लांबी, आणि ताबा देणाऱ्याची सही असे स्वच्छ रकाने आखलेले होते. असे दफ्तर निवृत्तीनंतर प्रथमच दृष्टीस पडल्याने माझा कंठ दाटून आला. मात्र घड्याळाचे गजर बंद करावयाचे कोणाच्या ध्यानी आले नव्हते, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठाच्या ठोक्यास, सर्व मुले डोळे मिटून प्रार्थनेस उभी असताना, ट्रंकेतून कोंबडे, बासऱ्या, देवळातल्या घंटा आणि कोणा नटाचा खर्जातला आवाज यांचा एकच कालवा उठला, प्रार्थना मोडली, मुले ट्रंकेभोवती गोळा झाली.

"माझो तो! माझोच तो!"

"तुझो कोंबडो रे! बासरी माझी!"

"सर, एकदाच हात लावतो. गप करतो आणि परत ठेवतो."

सरांनी किल्ली दिली नाही. त्या दिवशीची हाताची कामे, ते म्हणाले, विशेष दुःखाने पार पडली.

माझे व्याख्यान शाळेच्या पडवीत झाले. आरंभी मला श्रोत्यांच्या एकाग्रतेचे कौतुक वाटले. मग असे आढळले की, पहिल्या रांगेतल्या मुलांचे हात मांडीवर असून प्रत्येकाचा उजवा अंगठा थोड्या थोड्या वेळाने खालून वर असा सरकत आहे. मी मालवणातील जुन्या स्नेहसंबंधांचे हृद्य वर्णन करीत असता हा अंगठा विशेष त्वरेने चाले. बऱ्याच विचारांती मला उमगले की ती मुले मला वर सरकवून माझ्या खाली काय आहे ते पाहू इच्छीत होती. खाली दुर्दैवाने मीच होतो.

"कोणास काही शंका?" मी समारोप करून विचारले.

शांतता. मग मागच्या बाजूने एक मुलगी धीर करून उठली. "सर, ह्याची पीडीएफ मिळेल?"

गटचर्चेत मी अशी तजवीज केली की प्रत्येकाने स्वतःचा नव्हे, तर शेजारी बसलेल्याचा परिचय करून द्यावा. पहिला मुलगा उठला, शेजारणीकडे त्याने नीट न्याहाळून पाहिले आणि म्हणाला, "ही आमच्या वर्गात आहे. बहुतेक आमच्याच वर्गात आहे. हिच्या डीपीवर मांजर आहे. रात्री दीड वाजेपर्यंत ऑनलाईन असते."

"तुका कित्याक रे चौकश्यो?" शेजारीण कडाडली. "आणि दीडाक तू जागो कित्याक?"

पडवी दुमदुमली. पुढे दहा-पंधरा मिनिटे त्या दोघांत जी प्रत्यक्ष, तोंडावर, खणखणीत देवघेव झाली, तिच्याइतका जिवंत संवाद मी माझ्या व्याख्यानात सांगितलेल्या कोणत्याही काळात ऐकला नव्हता. तो मी थांबवावा असे अधिकाऱ्यांनी नेत्रसंकेताने सुचविले. मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले.

शेवटची एसटी निघून गेली असल्याने त्या रात्री मला शाळेतच पथारी पसरावी लागली. डासांनी मध्यरात्री उठविले तेव्हा सड्याच्या दिशेने हशा ऐकू आला. मी विजेरी न पेटवता त्या रोखाने गेलो. त्या गावात रेंज नाही. मात्र प्रत्येक रेंज नसलेल्या गावाचा एक धोंडा असतो, तसा तेथेही काजूच्या झाडांपलीकडे होता, आणि "थंय उभो रवलो तर एक कांडी गावता" असे गावातल्या पोरांनी पाहुण्यांस सांगून ठेवले होते. सन २०२०च्या टाळेबंदीत आमच्याच जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीने रेंजच्या शोधात डोंगर गाठला आणि तेथल्या झोपडीत बसून भर पावसाळ्यात आपला अभ्यास चालू ठेवला, हे सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचलेले आहे. त्या मुलीस माझा नमस्कार असो. प्रस्तुत मंडळीचा हेतू इतका उदात्त नव्हता. जप्तीतून लपवून राखलेला एकच मोबाईल त्यांच्यापाशी होता, त्याची बॅटरी अखेरच्या घटका मोजीत होती, आणि जो तो आपला नंबर लागण्याची वाट पाहत कातळावर बसला होता. कांडी येई नि जाई. वाट पाहणाऱ्या माणसाला तोंड मिटून बसवत नाही, मग तो कोणत्याही शतकात जन्मलेला असो.

धोंड्यावर एक मुलगा उभा राहून बोलत होता. "तर विद्यार्थिमित्रहो," तो नाकपुडीतून म्हणाला, "आमच्या काळी... अं... आमच्या काळी..." आणि येथे त्याने चष्मा कपाळावर चढविला, तो हरवला म्हणून खिसे चाचपले, आणि दोनदा खाकरला. तो मी होतो. कित्येक वर्षांत इतक्या बारकाईने माझी दखल कोणी घेतली नव्हती. माझे खाकरणे वाक्यात नेमके कोठे पडते हे मलाही ठाऊक नव्हते. मग दुसऱ्याने अधिकाऱ्यांची ट्रंक उघडली आणि मिटली. दीडपर्यंत जागणारी ती मुलगी आचाऱ्याचे काम करू लागली, आणि तिला मदतीला तिच्या डीपीवरचे मांजर ठाऊक असलेला तो गृहस्थ होता. "कांडी इली रे! तीन कांडये इले!" असे राखणीस बसवलेला मुलगा ओरडला, त्याच्याकडे कोणी पाहिले नाही. मी काजूच्या बुंध्याआड उभा होतो. डास चावत होते, परंतु फटका मारण्याची सोय नव्हती. कारण माझी हजेरी उघड होताच ही सगळी प्रतिभा जागच्या जागी विझून "हां सर" एवढेच शिल्लक उरले असते.

उलट प्रकार एका गावच्या जत्रेत पाहण्यात आला. आमच्या दशावतारास लिखित संहिता नसते. आख्यान ठरते, वेषभूषा होते, आणि राजा, ऋषी व दैत्य पहाटेपर्यंत समोरासमोर उभे राहून जे सुचेल ते शुद्ध मराठीत अखंड बोलत राहतात. हौशी मंडळीच्या त्या प्रयोगात नारदाचे काम एका पदवीच्या विद्यार्थ्याकडे होते. हा मुलगा मोबाईलवर आपल्या चित्रफिती टाकतो आणि त्या सहस्रावधी अज्ञात लोक पाहतात, अशी त्याची ख्याती होती. रंगपटात, वीणा काखेत मारून, तो त्याच खटपटीत असल्याचे मी पाहिले. प्रवेश झाला. "नारायण, नारायण," नारद म्हणाले. आणि समोर सिंहासनावर साक्षात जिवंत दैत्यराज बसलेला पाहून त्यांची वाचा बसली. "नारायण," ते पुन्हा म्हणाले. दैत्यराज हे उभे आयुष्य रात्री जागवलेले जुने नट होते. त्यांनी मिशीस पीळ दिला, दैत्याची शुद्ध भाषा क्षणभर बाजूस ठेवली आणि विचारले, "काय रे नारदा, नेटवर्क गेला काय?" तो हशा ओसरेपर्यंत नारदांस पुढचे काही सुचले असावे, निदान पेटीवाल्याने तरी वेळ मारून नेली.

या सर्व पुराव्यानिशी मी आमच्या वाडीच्या सभेत गेलो. तेथे मोहित्यांच्या वडगावचा दाखला निघाला. सांगली जिल्ह्यातील, कडेगाव तालुक्यातील या गावाने सन २०२२ पासून सायंकाळी सात वाजता भोंगा वाजविण्याची प्रथा पाडली. भोंगा होताच घरोघरचे मोबाईल आणि टीव्ही बंद होतात ते साडेआठपर्यंत, आणि त्या अवधीत मुलांनी अभ्यास करावा व माणसांनी माणसांशी बोलावे असा संकेत आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बांशी गावाने तर त्याच वर्षी ग्रामसभेत ठराव करून अठरा वर्षांखालील मुलांस मोबाईल वर्ज्य केला. अध्यक्षांनी हे वाचून दाखविले आणि हरकती मागविल्या. त्या आधीच रांगेत उभ्या होत्या.

"भोंगो नको," एक रापणकर म्हणाले. "भोंगो वाजलो की लोक समजतले वादळ इला. होडये वर ओढून घेतले आणि रात्रभर जागत रवतले."

"बरोबर," दुसऱ्याने दुजोरा दिला. "आणि एकदा सवय झाली की खऱ्या वादळाक कोण उठाचो नाय."

"सात ते साडेआठ म्हणजे दीड तास," एका गृहस्थाने हिशेब करून पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "दीड तास? घरातल्या माणसांशी?"

वादळाचा विषय निघालाच होता तेव्हा एका वृद्धांनी तौक्तेची आठवण काढली. १६ मे २०२१ रोजी ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेले, विजेचे खांब आडवे झाले, मोबाईल मुके झाले आणि वाड्यावाड्यांतून कित्येक दिवस काळोख होता. "त्या टायमाक कशी सगळी पोरा एकत्र बसान बोलत होती!" वृद्ध गहिवरले.

"खंय बोलत होती?" ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे ते म्हणाले. "माझ्या पडवीत चार्जिंगक नंबर लावन बसलेली. तुमचो नातू माझ्याकडे दोन वेळ जेवलो, आणि आता वळखत नाय माका."

सभा तहकूब झाली. ठराव माहितीसाठी वाडीच्या समूहावर टाकण्यात आला. सभेस न आलेल्या समस्त मंडळींनी अंगठा उंचावून त्यास एकमुखाने मंजुरी दिली, कित्येकांनी हात जोडले, आणि मस्कतहून एकाने, हा नियम ताबडतोब आणि कडकपणे अमलात यावा, अशी मागणी केली. हजर असलेल्या एकाही इसमाने त्यास अनुमोदन दिलेले नव्हते, ही नोंद मी माझ्यापुरती करून ठेवली.

त्याच सुमारास मला काही कामानिमित्त कुडाळास बहिणीकडे राहावे लागले. पोचतो न पोचतो तोच माझ्या मोबाईलवर नातवाचा संदेश आला : 'आजोबा, नीट पोचलात ना?' मागोमाग नातीचा : 'जेवलात? गोळी घेतलीत?' मग सुनेचा. मग, गेली कित्येक वर्षे ज्यांनी मला सांडगे वाळले का याहून अधिक गहन प्रश्न विचारलेला नाही, त्या आमच्या मंडळींचा, 'घर सुनं सुनं वाटतं', असा. रात्री नातवाने मला आपल्या परीक्षेविषयी, एका मित्राशी झालेल्या भांडणाविषयी, आणि पुढे काय शिकावे याविषयी अंगठ्यांनी इतके लिहिले की मला चष्मा पुसून घ्यावा लागला. हा मुलगा माझ्या शेजारच्या खाटेवर झोपतो. परतल्यावर मी मोठ्या उमेदीने ओटी चढलो; तो तेथेच बसला होता.

"मग, काय ठरवलंस पुढच्या शिक्षणाचं?"

"हां आजोबा," तो म्हणाला.

तेव्हा सांप्रत मी कुडाळ तालुक्यात भाड्याची खोली पाहत आहे. कुटुंबात राहावयाचे तर कुटुंबापासून तीस-पस्तीस किलोमीटर दूर राहणे क्रमप्राप्त आहे, हे माझे गणित घरच्यांस पटलेले असून त्यांनी ते समूहावर उचलून धरले आहे. गेल्या आठवड्यात एक जागा पाहिली. मालक वयस्क, बोलके, आणि पडवीत आणखी दोघे तसेच बसलेले.

"बाव आसा, पाणी बारा म्हयने. आंगण आसा. एसटी समोर थांबता," मालक म्हणाले.

"आणि रेंज?"

"रेंजेचो तरास अजिबात नाय! हंय रवलेलो माणूस कोणाक गावाचो नाय."

मी अनामत रकमेचे पाकीट परत खिशात घालून उठू लागलो. "बसा वायच, चाय येता," मालक म्हणाले, आणि मग खुर्ची जवळ ओढून, आवाज उतरवून, "पयलो भाडेकरू कित्याक गेलो म्हायत आसा?" असे म्हणत त्यांनी त्या गृहस्थांचे जे प्रकरण उघडले त्यात त्यांचे सासरकडचे नातलग, सोन्याची साखळी आणि सावंतवाडीचे एक वकील येऊन दाखल झाले. तास गेला, चहा दोनदा झाला, पडवीतल्या दोघांनी आपापली भर घातली. शेवटची एसटी साडेपाचची होती. परंतु त्या तिघांच्या डोळ्यांतील उत्कंठा मी ओळखून होतो. प्रथम उठावे कोणी?